ऑर्ग चार्ट राहू दे, आधी अप्रूव्हल कुणाकडे जातं ते बघ

अरे, पहिल्याच आठवड्यात ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली याचा तक्ता, पाठ करत बसू नकोस, पोर्टलवर रजेचा अर्ज टाक आणि तो कुणाच्या नावावर पेंडिंग दिसतो ते बघ, तोच तुझा खरा रिपोर्टिंग मॅनेजर. आयटी सर्व्हिसेसमध्ये बहुतेक ठिकाणी मॅट्रिक्स असतं, म्हणजे रोजचं काम प्रोजेक्ट मॅनेजर देणार आणि अप्रेझलचा फॉर्म भरणार दुसराच कुणीतरी, जो कदाचित चेन्नईत बसतो आणि तुला कधीतरी कॉलवर भेटतो. म्हणून महिन्यातून एकदा चार ओळींचा मेल त्याला टाकत जा, काय काम केलं त्याचा, प्रोजेक्टवाल्याला सीसीत ठेवून. याला चमचेगिरी म्हणणारे भेटतील, म्हणू देत, रेटिंग लागतं तेव्हा हेच लोक तोंड पाडून बसतात.

पदनावांना भुलू नकोस. परदेशी बँकांच्या पुण्यातल्या ऑफिसांत ढिगाने व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट) असतात, आणि कार्डावर डायरेक्टर लिहिलेला प्रत्येकजण काही बोर्डावर, म्हणजे संचालक मंडळात, नसतो. कंपनी कायदा 2013 प्रमाणे प्रायव्हेट कंपनीला किमान 2, पब्लिकला किमान 3 संचालक लागतात, शेअर बाजारात लिस्टेड असेल तर त्यातले निदान एक तृतीयांश स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी लागेबांधे नसलेले. हे संचालक एमडीला (मॅनेजिंग डायरेक्टरला) जाब विचारतात, कागदावर तरी! तुझ्या पगारवाढीशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

खर्चाची मंजुरी ही वेगळीच भानगड, किती रकमेपर्यंत कुणाची सही चालते याचा तक्ता फायनान्सकडे असतो, तो मागून घे. आणि स्किप लेव्हलला, म्हणजे मॅनेजरच्या मॅनेजरला, भेटायचंच असेल तर आधी मॅनेजरच्या कानावर घाल.