तिसऱ्या मुलीच्या सुकन्या खात्याचं नंतर, आधी तुमचं काय ते बघू

पत्र कोल्हापूरकडच्या एका फाउंड्री सुपरवायझरचं आहे. वय 39, महिन्याला हातात 62,000. घरात आई-वडील, बायको, तीन मुली (13, 10 आणि 7) आणि 4 वर्षांचा मुलगा, म्हणजे खाणारी तोंडं आठ आणि कमावणारा एक. पहिल्या दोघींचं सुकन्या खातं (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) आहे, तिसरीचं पोस्टवाले उघडून देत नाहीत. साडू विमा एजंट आहेत, ते म्हणतात तिच्यासाठी चाइल्ड प्लॅन घ्या, वर्षाला 40,000, 15 वर्षं भरा, 20 वर्षांनी 11 लाख. घेऊ का, की आजोबांना पालक दाखवून सुकन्याच उघडू?

आजोबांचं डोक्यातून काढा. कायदेशीर पालक असल्याशिवाय आजोबांना ते खातं उघडता येत नाही, आणि एका घरात दोनच मुलींची खाती चालतात (जुळ्या-तिळ्या असतील तर वेगळं). तिसरं उघडलंत आणि सापडलं तर बंद करतात.

आता साडूंचे 11 लाख. तुम्ही भरणार 6 लाख, प्रत्येक हप्ता सरासरी साडेबारा वर्षं त्यांच्याकडे राहणार, म्हणजे परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. तेच 40,000 पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 15 व्या वर्षीच जवळपास 11 लाख होतात. पाच वर्षं आधी. संपला विषय.

पण तुम्ही सहज म्हणून खाली लिहिलेल्या दोन ओळींनी मला जास्त त्रास झाला. मोठ्या दोघी आणि मुलगा, तिघांच्या नावावर पॉलिसी आहे, प्रत्येकी 24,000. आणि तुमच्या स्वतःच्या नावावर एक मनीबॅक (अधूनमधून थोडे पैसे परत देणारी पॉलिसी), हप्ता 28,000, कव्हर 5 लाख. वर्षाला एक लाख रुपये विम्यात जातायत आणि ज्या माणसावर घर उभं आहे त्याचा विमा 5 लाख! चार वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा विमा काढून काय मिळतं हो? त्याच्या पगारावर कोण जगतंय?

हिशोब करा. घरखर्च 42,000, म्हणजे वर्षाला 5 लाख. तुम्हाला उद्या काही झालं तर तुमची पॉलिसी बरोबर एक वर्ष घर चालवेल. पीएफसोबत मिळणाऱ्या विम्याचे, म्हणजे ईडीएलआयचे, जास्तीत जास्त 7 लाख धरले तरी अडीच वर्षं नाहीत. धाकटा कमवायला लागेपर्यंत 18 वर्षं आहेत, म्हणजे 90 लाख, त्यात पतसंस्थेचं अडीच लाखाचं कर्ज, आणि महागाई मी अजून धरलेलीच नाही. ईपीएसमधून, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेतून, बायकोला पेन्शन मिळेल, मुलांनाही मिळते, पण एकावेळी दोघांनाच.

हे दोनचं गणित सगळीकडेच आहे बघा. सुकन्या दोघींना, जुन्या टॅक्समध्ये शाळेच्या फीची सूट दोघांची, आणि तुमच्या कंपनीच्या 3 लाखाच्या मेडिक्लेममध्येही बायको आणि दोनच मुलं. चार मुलं असलेल्या माणसाने तिसऱ्या-चौथ्याची सोय कुठेतरी आपोआप होईल हे धरूनच चालू नये. दप्तर, सायकल, गणवेश हे मोठीकडून खाली उतरतं, आम्ही पाच भावंडं तशीच वाढलो, माझ्या नशिबी कधी कोरं पुस्तक आलं नाही. पण फी आणि हॉस्पिटलचं बिल खाली उतरत नाही, ते प्रत्येकाचं नवं असतं.

आणि ते 'मोठी नोकरीला लागली की धाकट्यांचं ती बघेल' हे वाक्य परत लिहू नका. ती 13 वर्षांची आहे, आठवीतल्या पोरीच्या पगारावर आत्ताच हप्ते बांधू नका.

तर करायचं काय. पहिलं, 1 कोटीची टर्म पॉलिसी (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा), साठीपर्यंत. तुमच्या वयाला वर्षाला पंधरा-वीस हजार, पण तुम्ही मावा खाता असं लिहिलंय, मग तीस धरा. फॉर्मवर तंबाखू खरी लिहा. लपवलीत आणि पहिल्या तीन वर्षांत काही झालं तर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसणार. घेतानाच 1874 च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घ्या, नंतर तसं करता येत नाही. पतसंस्थेत तुम्ही दोघांना जामीन आहात ना, त्यांनी बुडवलं तरी वसुलीवाल्यांना या पैशाला हात लावता येत नाही, तो बायको-मुलांचा.

दुसरं, 5 लाखाचा फ्लोटर, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच मेडिक्लेम, तुम्ही दोघं आणि चारही मुलं. काही कंपन्या तीन मुलांवरच थांबतात, आधी विचारा. वीस-पंचवीस हजार लागतील, वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेलाय हे बरं झालं. वडील 72 चे आहेत, त्यांचं सत्तरीपुढचं आयुष्मान कार्ड काढा, 5 लाखापर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. आईला अजून चार वर्षं आहेत, तोवर महात्मा फुले योजनेतली जवळची हॉस्पिटलं कोणती ते बघून ठेवा.

पैसा? मुलांच्या तिन्ही पॉलिसी पेड-अप करा (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेची चालू), वर्षाला 72,000 सुटले. शाखेत जाऊन पेड-अप किती आणि सरेंडर किती (म्हणजे मोडली तर हातात काय येईल) हे लेखी घ्या, घाईत मोडू नका, आणि टर्म पॉलिसी हातात पडल्याशिवाय एकही हप्ता थांबवू नका. मनीबॅकची तीनच वर्षं राहिलीत, ती चालू दे. 72 अधिक साडूंना देणार होतात ते 40, झाले 1 लाख 12 हजार. टर्मचे 30, फ्लोटरचे 25, आणि 40 तिसरीच्या नावाने पीपीएफ, म्हणजे तिच्यावरच्या अन्यायाचा प्रश्नही मिटला. वर उरले 17, ते बँकेत आरडीला, अडीनडीला.

राहिले साडू. त्यांना सांगा टर्म तुमच्याकडूनच घेतो. त्यात कमिशन फार नसतं, त्यामुळे ते 'टर्ममध्ये पैसे परत कुठे मिळतात' वगैरे सुरू करतील. दुसऱ्यांदा म्हणाले की ऑनलाइन घेऊन टाका, आणि दिवाळीला नेहमीसारखं त्यांच्याकडे फराळाला जा.