दागिन्यांचे फोटो काढण्यासाठी घरच्या घरी लाइट कसे बनवावेत?

तुम्ही नथी आणि ठुशा विकता, फोटो मोबाइलवर काढता, पण मण्यांवर पांढरे ठिपके येतात आणि माणकाचे खडे काळपट दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. महागडा लाइट घेऊ नका. मी दागिन्यांचे आणि पितळी भांड्यांचे फोटो पुठ्ठा, कागद आणि साध्या एलईडी बल्बवरच काढते.

आधी ठिपक्यांचं कारण. पॉलिश केलेल्या धातूत समोर जे असेल ते दिसतं. समोर उघडा बल्ब असेल तर तोच ठिपका होऊन उमटतो. समोर मोठा उजळलेला कागद असेल तर मणी सबंध गोल आणि भरीव दिसतो. म्हणून वॅट वाढवून काही साधत नाही. उजळलेला पांढरा भाग मोठा हवा आणि दागिन्याच्या जवळ हवा.

दीडेक फुटाचा पॅकिंगचा खोका घ्या. दोन्ही बाजू आणि वरचा भाग कापून खिडक्या करा. कडेनं दोन बोटं पुठ्ठा ठेवा, नाहीतर खोका लचकतो. खिडक्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडाही चालतो, फक्त तो पिवळा पडलेला नको, कारण तीच छटा फोटोत उतरते. आत पांढरी कार्डशीट मागून खाली वळवून सोडा, घडी न घालता, म्हणजे पाठीमागे रेघ दिसत नाही.

बल्ब कागदाला चिकटवू नका. वीतभर मागे ठेवला की कागद सगळीकडे सारखा उजळतो. ९ ते १२ वॅटचा एलईडी पुरतो. हॅलोजन मात्र अजिबात नको: तो इतका तापतो की कागद पेट घेऊ शकतो. पैसे खर्च करायचेच असतील तर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त असलेल्या बल्बवर करा. साध्या एलईडीच्या उजेडात गडद लाल फार कमी असतो आणि तुमची माणकं बहुतेक तिथेच मार खातात. फोटो काढताना खोलीतले बाकीचे दिवे बंद, पडदे ओढलेले. दोन रंगांचे उजेड मिसळले की नंतर दुरुस्त करणं कठीण जातं.

फोटोत पट्टे दिसले तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतोय असं समजा. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि मोबाइल कशाला तरी टेकवा.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. चहूकडे पांढरं असलं की सोन्याची तार पांढऱ्यात विरून जाते. काळ्या कार्डशीटची बोटभर पट्टी कापा आणि नथीशेजारी, फ्रेमच्या जरा बाहेर उभी करा. तारेच्या कडेला बारीक काळी रेघ उमटते आणि घडण एकदम उठून दिसते. पट्टी थोडी पुढे-मागे सरकवत स्क्रीनकडे बघत राहा. सुतभर सरकवली तरी फरक पडतो.

मोत्यांना दोन्हीकडून सारखा उजेड दिला तर ते सपाट दिसतात. मोत्याच्या नथीसाठी एका बाजूचा बल्ब बंद करा आणि तिकडे नुसता पांढरा सनबोर्ड उभा करा. तेवढ्यानं गोलाई दिसते आणि सावलीही काळी पडत नाही.