‘डाउट’ नाटकातला फादर फ्लिन शेवटी दोषी असतो की नाही?

नाटक याचं उत्तर देत नाही, आणि तेही मुद्दाम. जॉन पॅट्रिक शॅनलीचं हे नाटक (२००४, पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार) १९६४ सालच्या, न्यू यॉर्कमधल्या ब्राँक्स भागातल्या कॅथलिक शाळेत घडतं. पात्रं चारच. पाद्री असलेल्या फ्लिनने डोनाल्ड म्युलर या विद्यार्थ्याचं लैंगिक शोषण केलं, असा संशय; पण ज्याच्यावरून सगळा वाद, तो डोनाल्ड रंगमंचावर येतच नाही. (२००८च्या चित्रपटात तो दिसतो, मग आपण त्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत बसतो.)

पुरावा काय? फादरला एकट्याने भेटून डोनाल्ड वर्गात परतला, तेव्हा तोंडाला दारूचा वास होता. फ्लिन म्हणतो, पोराने चर्चची वाइन प्यायली, त्याचं ऑल्टर बॉयचं (प्रार्थनाविधीत पाद्र्याला मदत करणाऱ्या मुलाचं) काम जाऊ नये म्हणून मी झाकलं. हेही बसतं, तेही बसतं. मग मुख्याध्यापिका सिस्टर अलॉयशियस थाप मारते, ‘तुमच्या आधीच्या चर्चला फोन केला होता.’ फ्लिन शाळा सोडतो. निर्दोष असता तर गेला असता का, हा तिचा तर्क. पण बदनामीच्या धाकानेही माणूस जातो. वर त्याला बढती मिळते ती वेगळीच!

खरा पेच मिसेस म्युलरच्या प्रसंगात आहे. संशय खरा असला तरी जूनपर्यंत, म्हणजे शाळेचं वर्ष संपेपर्यंत, थांबा, असं मुलाची आईच सांगते. घरी बाप मारतो, फ्लिन निदान मायेने वागतो.

प्रयोग बसवत असाल तर फ्लिन करणाऱ्या नटाने एक बाजू मनाशी पक्की करावी, पण सहकलाकारांना सांगू नये. त्याला लबाड हसू दिलंत की नाटक दुसऱ्या-तिसऱ्या प्रवेशातच आटोपलं.