फिलिपिनो हेल्परचा पासपोर्ट मालकाने ठेवावा का?

तुमचा प्रश्न असा: "आम्ही मुलासह पुण्याहून हाँगकाँगला जातोय. घरी राहणारी फिलिपिनो हेल्पर ठेवायची आहे. तिथले ओळखीचे सांगतात, पासपोर्ट आपल्याकडे ठेवा आणि पहिले तीन महिने रविवारची सुट्टी देऊ नका, बाहेर गेली की बिघडते. हे कायद्यात बसतं का? तिला आणि आम्हाला कसला धोका असतो?"

नाही बसत. पासपोर्ट तिचा आहे, तो तिच्याजवळच राहायला हवा. आणि सात दिवसांत सलग चोवीस तासांची एक सुट्टी हा हाँगकाँगच्या कामगार कायद्याने (एम्प्लॉयमेंट ऑर्डिनन्स) दिलेला हक्क आहे. त्यात नव्या बाईसाठी तीन महिन्यांची सवलत वगैरे काही नाही. सुट्टी नाकारली तर मालकाला पन्नास हजार हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

मी इथे अकरा वर्षं राहते आहे आणि पहिल्याच वर्षी ही चूक मी स्वतः केली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्याकडे पहिली हेल्पर आली तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपणहून पासपोर्ट माझ्या हातात दिला. एजन्सीने तिला तसंच शिकवून पाठवलं होतं. मीही तो आमच्या पासपोर्टांबरोबर कपाटात ठेवला, कुलूप लावलं. सुरक्षित राहील, एवढंच डोक्यात होतं. चार महिन्यांनी एका रात्री तिच्या वडिलांना दवाखान्यात हलवल्याचा फोन आला. ती आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली, पण तिला दार वाजवायचा धीर होईना. मीच पाणी प्यायला उठले म्हणून दिसली. म्हणाली, "मॅम, माझा पासपोर्ट मिळेल का?" स्वतःच्या पासपोर्टासाठी परवानगी मागताना तिचा चेहरा जसा झाला होता, तो मला अजून आठवतो. त्या रात्रीनंतर आमच्या घरात तिच्या खणाला कुलूप आहे आणि किल्ली तिच्याकडे.

तिच्याकडूनच मला कर्जाचं कळलं. पगार झाला की ती एका सावकारी कंपनीत हप्ता भरायला जायची. प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी अशा नावांखाली गावाकडच्या एजन्सीने तिच्याकडून कित्येक महिन्यांच्या पगाराएवढे पैसे घेतले होते. फिलिपिन्सच्या नियमांप्रमाणे २००६ पासून घरकामगार बाईकडून नोकरी लावून देण्याची फी घेताच येत नाही. हाँगकाँगच्या एजन्सीला तिच्या पहिल्या पगाराच्या फक्त दहा टक्के घेता येतात. सप्टेंबर २०२५ पासून किमान पगार महिना ५,१०० हाँगकाँग डॉलर आहे, म्हणजे कमाल ५१०. व्हिडिओवर मुलाखत घ्याल तेव्हा स्वयंपाक येतो का हे विचारण्याआधी "तू कुणाला किती पैसे दिलेस?" हे विचारा. कर्ज असलेली बाई काहीही सहन करते, कारण हप्ता थांबला तर सावकार तिच्या घरच्यांना फोन करतात.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. इथे तिची नोकरी, तिचा व्हिसा आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात असतात, आणि तो माणूस म्हणजे तुम्ही. २००३ पासून हेल्परला मालकाच्या घरीच राहावं लागतं, बाहेर खोली घेता येत नाही. १९८७ पासून दोन आठवड्यांचा नियम आहे: करार मोडला की चौदा दिवसांत हाँगकाँग सोडायचं. दोन वर्षांच्या करारात मध्येच मालक बदलणं सहसा जमत नाही. मालक वारला, हाँगकाँग सोडून गेला, त्याला पगार परवडेनासा झाला किंवा छळाचा पुरावा असला, तरच अपवाद होतो. समजा पगार थकला म्हणून ती लेबर ट्रिब्यूनलमध्ये, म्हणजे कामगार न्यायालयात गेली, तर सुनावणी चालू असेपर्यंत तिला राहायची मुदत वाढवून मिळू शकते, पण काम करता येत नाही. पगार नाही, घर नाही, गावाकडे मुलांच्या शाळेची फी थांबलेली. अशा वेळी कागदावरचा हक्क कितीही पक्का असला तरी तो मागायची हिंमत कोण करणार? कामाच्या तासांना तर इथे कायद्याने मर्यादाच नाही, आणि हाँगकाँगच्या सर्वसाधारण किमान वेतन कायद्यातून घरात राहणाऱ्या कामगारांना वगळलेलं आहे.

"बाहेर गेली की बिघडते" याचा अर्थही समजून घ्या. रविवारी सेंट्रल या शहराच्या मध्यवर्ती भागात चेटर रोडवर गाड्या बंद असतात आणि हजारो फिलिपिनो बायका पुठ्ठे अंथरून बसतात. जेवण होतं, केस कापले जातात, घरी पाठवायच्या भेटवस्तूंचे खोके ('बालिकबायन') भरले जातात. आणि तिथेच एकीला दुसरीकडून कळतं की पगाराची पावती मागायची असते, ताट फुटलं तर एका वेळी तीनशे डॉलरपेक्षा जास्त कापता येत नाहीत, गरोदर असताना कामावरून काढता येत नाही. सुट्टी न देण्याचा सल्ला देणाऱ्यांना भीती या माहितीची असते.

आखातातही हा धोका आहे, तिथेही व्हिसा बोलावून घेणाऱ्या मालकाशी बांधलेला असतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये कुवेतमधल्या एका बंद घराच्या फ्रीजरमध्ये फिलिपिनो कामगार बाईचा मृतदेह सापडला. फिलिपिन्सने तिकडे कामगार पाठवणंच थांबवलं. मे महिन्यात दोन्ही देशांचा करार झाला, त्यात पासपोर्ट आणि मोबाइल काढून घ्यायचा नाही हे मुद्दाम लिहावं लागलं. त्याआधी १९९५ मध्ये सिंगापूरला फ्लोर काँटेम्प्लासिऑन या घरकामगार बाईला खुनाच्या आरोपाखाली फाशी झाली, तेव्हा अख्खा फिलिपिन्स रस्त्यावर आला होता आणि त्याच वर्षी परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी तिथे कायदा झाला. आपल्याकडे, अगदी गोव्यातून कुवेतला गेलेल्या बायकांच्या घरीही, ही भीती ओळखीची आहे.

तुमच्या बाजूचे धोकेही सांगते, कारण नव्याने आलेली मराठी कुटुंबं नकळत यात अडकतात. करारात लिहिलेल्या पत्त्याबाहेर तिच्याकडून काम करून घेणं गुन्हा आहे, तिचा आणि तुमचाही. मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला मदतीला पाठव, मंडळाच्या गणपतीत मोदक वळायला ने, कुणाच्या दुकानात दोन तास बसव, असं कुणी प्रेमाने सुचवलं तरी नाही म्हणा. पकडली गेली तर तुरुंगवास आणि परत पाठवणी तिच्या वाट्याला येते. तिचा विमा उतरवणं, दवाखान्याचा खर्च, करार संपल्यावर घरी परतीचं तिकीट हे सगळं तुमच्याकडे. दोघांपैकी कुणालाही करार मध्ये सोडायचा असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार.

खिडक्यांचं एक ध्यानात ठेवा. इमारती उंच आहेत आणि बाहेरून काच पुसताना पडून बायका मेल्या आहेत. २०१७ पासून सरकारी नमुना करारात कलमच आहे: खिडकीला जाळी असली आणि ती कुलूपबंद असली, तरच बाहेरची बाजू पुसायला सांगायची, तेही हाताशिवाय शरीराचा कुठलाही भाग बाहेर जाता कामा नये.

आणि जागा. करारात तिची झोपायची सोय लिहून द्यावी लागते. बोळातला तात्पुरता पलंग चालत नाही. इथली घरं केवढी असतात ते बघून, ती कुठे झोपेल हे ठरवूनच फ्लॅट भाड्याने घ्या. (पुण्यात आमच्या आईकडे वीस वर्षं येणाऱ्या मावशींबरोबर आम्ही कधी एक ओळही लिहून ठेवली नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे हे मला इथे येऊन कळलं, याचं वाईट वाटतं.)

फिलिपिन्समध्ये मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात. आमची मुलं आमच्या हेल्परला तशीच हाक मारतात, आणि सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना वाटलं मुलं आत्यालाच बोलावताहेत. पण नुसत्या नात्यावर विसंबू नका. 'घरच्यासारखी' म्हणत म्हणत रात्री अकराला भांडी घासायला लावणारी घरं मी पाहिली आहेत. तास लिहून ठरवा, पगार बँकेत भरा, पावती द्या.

ती येईल त्या दिवशी तिच्या हातात घराची किल्ली, फोनचं सिमकार्ड, कराराची तिची प्रत आणि प्रवासासाठी पैसे भरलेलं ऑक्टोपस कार्ड द्या. पहिल्या रविवारी तिला वाट माहीत नसेल, तर एमटीआरने (मेट्रोने) सेंट्रलपर्यंत सोबत जा, चेटर रोड दाखवा आणि परत या.