तुषार नाही, फवाराच!

प्रश्न नागपूरच्याच एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा आहे. युरोपियम मिसळलेल्या यिट्रियम ऑक्साइडवर, म्हणजे एका उजेड देणाऱ्या पदार्थावर, तिचं काम आहे. द्रावणाचा स्प्रे प्रचंड उष्णतेत सोडून ती त्याचे अब्जांश, म्हणजे नॅनो, कण बनवते; इंग्रजीत याला स्प्रे पायरॉलिसिस म्हणतात. प्रबंधाच्या मराठी सारांशाला तिनं शीर्षक दिलंय, 'उच्च तापमानाच्या तुषार पद्धतीने स्फुरद ऑक्साइडच्या अब्जांश कणांची निर्मिती'. हे बरोबर आहे का, असं ती विचारते.

आधी ते 'स्फुरद' खोडा. ऐकून ऐकून कान किटले. नत्र, स्फुरद, पालाश यांतलं स्फुरद म्हणजे फॉस्फरस, डीएपी खताच्या पोत्यातलं. तुमच्या पदार्थात ते औषधालाही नाही. उजेड देतो तो फॉस्फर. ट्यूबलाइटच्या काचेला आतून पांढरी भुकटी असते ना, ती. दोन्ही नावं 'प्रकाश वाहणारा' या एकाच ग्रीक शब्दातून आली, पण भावाच्या नावाचं पत्र भावाला देऊन चालत नाही. फॉस्फर असंच लिहा आणि मोकळ्या व्हा.

खरा राग मला 'तुषार'चा आहे. परिभाषा घडवणाऱ्यांना स्प्रे दिसला की तुषार सुचतो. अहो, 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' म्हणत शाळेत उभे होतात ना? तिथला तुषार म्हणजे हिम. तुषाराद्री म्हणजे हिमालय. मराठीत त्याचे बारीक थेंब झाले, मान्य. तुषार सिंचनात तो शोभतोही. पण तापलेल्या भट्टीत किंवा दोन हजार अंशांच्या वरच्या ज्योतीत सोडलेल्या द्रावणाला हिम म्हणायचं? हा शब्द सुचवणारा माणूस मे महिन्यात सीताबर्डीवर दुपारी दोन वाजता उभा राहिलेला नसणार.

'फवारा' घ्या. यावर कोणी तरी हमखास म्हणतं, तो परका आहे, अरबी आहे. आहेच! आणि त्यातच तर गंमत आहे. 'फवारा' ज्या धातूतून, म्हणजे मूळ क्रियापदातून, आला त्याचा अर्थ नुसतं उडणं नाही, उकळून वर उसळणं. भांडं उतू जातं, तेच क्रियापद. कुराणात नूहच्या महापुराची कथा येते, तिथे 'तन्नूर उसळला' असे शब्द आहेत, आणि उसळण्याला हेच क्रियापद. तन्नूर म्हणजे आपला तंदूर! भट्टी आणि फवारा किती जुने शेजारी आहेत बघा. अजून ऐका: आपण नागपूरकर उठता-बसता 'फौरन' म्हणतो, तो याच धातूचा. उकळी आली त्या क्षणी, म्हणून ताबडतोब. म्हणजे उष्णता, उसळी आणि घाई हे तिन्ही अर्थ या एका घराण्यात आहेत. तुम्ही ज्योत वापरत असाल तर तुमच्या प्रयोगात दुसरं काय होतं? द्रावण नोझलमधून सुटलं, ज्योतीत शिरलं, आणि काही मिलिसेकंदांत कण तयार. इतकी घाई, की पुष्कळदा स्फटिकाला नीट घडी बसायला वेळच मिळत नाही. हवी असते घनाकृती (क्युबिक) रचना आणि हाती येते एकनताक्ष (मोनोक्लिनिक), एका अंगाला कललेली.

परका म्हणणाऱ्यांनी एकदा काटोलच्या संत्र्याच्या बागेत जावं. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, नोझलमधून गळणारं औषध बोटांवर, आणि माणूस सांगतो, 'फवारा मारून रायलो ना जी.' त्याला विचारा तुषार म्हणजे काय. फवारणे, फवारणी, फवारलेलं: आपण त्या अरबी नामाला मराठी प्रत्यय लावून पार घरचं केलंय, बदलणे आणि खर्चणे केलं तसंच.

स्प्रेचं झालं; उरलेल्या पायरॉलिसिसला तापविघटन म्हणा, माझी हरकत नाही.

पण तुम्ही भट्टी वापरता की ज्योत, हे प्रश्नात लिहिलंच नाही, आणि शब्द त्यावर ठरतो. भट्टीच्या नळीतून फवारा नेला तर साधारण एका थेंबाचा एक दाणा होतो, आणि थेंबाची साल आधी वाळली तर तो आतून पोकळ राहतो. ज्योतीत धातूची आधी वाफ होते आणि वाफेतून नव्यानं कण जमतात, म्हणून दहा-वीस नॅनोमीटरचे मिळतात. पहिल्याला 'भट्टी-फवारा', दुसऱ्याला 'ज्योत-फवारा' लिहा. गाइड अडून बसले तर त्यांना तंदूरची गोष्ट सांगा.