ठाण्यात आजूबाजूच्या अडचणींतून व्यवसाय कसा शोधावा?

तुम्ही विचारलंय की घोडबंदर रोडला राहता, ट्रॅफिक, टँकर, कचरा असं सगळं रोज डोळ्यांसमोर आहे, पण यातल्या कशातून व्यवसाय उभा राहील हे ओळखायचं कसं. मी मानपाड्याजवळ राहते आणि गेली पाच वर्षं सोसायट्यांचा ओला कचरा आवारातच जिरवून द्यायचं काम करते. त्या अनुभवावरून सांगते.

तक्रारी सगळेच करतात. तुम्ही हे बघा की लोकांनी कशावर आधीच पैसे घातलेत आणि तरीही काम झालेलं नाही.

मी आधी ट्रॅफिकच्या मागे लागले होते. आमच्या कॉम्प्लेक्समधून सकाळी ठाणे स्टेशनला एकत्र गाडी सोडायची, अशी कल्पना होती. व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस जण हो म्हणाले. महिन्याचे पैसे आगाऊ मागितले, तर चौघे उरले. त्रास खरा होता, पण प्रत्येकाची निघायची वेळ वेगळी, आणि रिक्षा आणि टीएमटीच्या (ठाणे पालिकेच्या) बसवर कसंबसं भागत होतं.

त्याच सुमारास आमच्या पंप रूमशेजारी ताडपत्रीखाली पडून असलेल्या, ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या मशीनकडे माझं लक्ष गेलं. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या सोसायट्या मोठ्या कचरा निर्मात्यांत धरल्या गेल्या आणि त्यांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं आलं. म्हणून कमिटीने काही लाख घालून ते घेतलं होतं. सेक्रेटरी काका म्हणाले, "वास येतो हो. खालच्या मजल्यावरचे भांडायला येतात." खरं कारण कळलं ते हाउसकीपिंगच्या मावशींकडून: "ताई, त्यात भुसा टाकायचा असतो. भुसा संपला, मग कोणी आणलाच नाही."

झाकण उघडलं तर आत काळा चिखल आणि अळ्या. ओल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र भरपूर असतं. त्यात वाळकी पानं, लाकडाचा भुसा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) असं कोरडं काही मिसळलं नाही तर हवा खेळत नाही, आणि हवा नसली की तो सडतो. मूठभर मिश्रण घेऊन दाबायचं. बोटांतून पाणी ठिबकलं तर भुसा वाढवायचा, गोळा होऊन हलक्या धक्क्याने फुटला तर ठीक, गोळाच झाला नाही तर थोडं पाणी मारायचं. ही मूठ रोज कोणी दाबायची, हे कोणाच्याच कामात नव्हतं. तेच काम मी माझं केलं.

पहिला दीड महिना रोज सकाळी मी स्वतः केलं, तेही फुकट. ते चुकलं. फुकट मिळालेल्या कामाला कोणीच नाही म्हणत नाही, त्यामुळे गरज आहे की नाही ते कळतच नाही. थोडे का होईना, पैसे घ्याच. नंतर मातीसारखा वास येणारं खत पिशवीत घालून कमिटीच्या मीटिंगला गेले आणि फ्लॅटमागे महिना ६० रुपये ठरले. फ्लॅट १८०. त्यातूनच भुसा, टोपल्या आणि मावशींना रोजच्या दोन तासांचे वेगळे पैसे. आज अशा आठ सोसायट्या आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आवारातली पानगळ पोत्यांत भरून ठेवते, पावसाळ्यात तीच उपयोगी पडते.

तेव्हा आधी पंधरा दिवस वॉचमन, प्लंबर, हाउसकीपिंगवाले यांच्याशी बोला. कुठली वस्तू आणून बंद पडली, कुठलं काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, हे त्यांना पाठ असतं. सोबत हेही बघा की त्रास कोणाला होतो आणि पैसे कोण देतं. आमच्याकडे त्रास मावशींना आणि खालच्या मजल्याला होता, सही मात्र कमिटीची लागते. सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात आणि मोठा नवा खर्च बहुधा तिथेच मंजूर होतो, त्यामुळे मे-जूनमध्येच जाऊन भेटा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. आणि पहिलं गिऱ्हाईक पैसे देईपर्यंत कर्ज काढू नका, एवढं माझं कळकळीने सांगणं आहे.

एक अडचण मला अजून सुटलेली नाही: शहाळी. ती मशीनमध्ये फुटत नाहीत, ड्रममध्ये महिनोन्‌महिने तशीच राहतात, पावसात त्यांत पाणी साचून डास होतात. सध्या मी टेम्पोवाल्याला पैसे देऊन उचलायला लावते, पण तो आठवडा-आठवडा फिरकत नाही. घोडबंदरला शहाळ्यांच्या गाड्या किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. शहाळी वेळेवर उचलून नेणारं कोणी मिळालं, तर माझ्या आठही सोसायट्यांचे पैसे पहिल्या महिन्यापासून मिळतील. तुम्हाला करावंसं वाटलं तर कळवा, सकाळी सातला या, सगळं दाखवते.