अमेरिकन हायस्कूलमधल्या नवीन फ्रेशमन (नववीतल्या) ॲथलीटला एका सीनियरचा (बारावीतल्याचा) सल्ला
अरे टीममध्ये आलास, भारी वाटलं! पण एक ऐक, अभ्यास प्रॅक्टिसनंतर करू म्हणशील तर होणारच नाही, घरी येऊन अंघोळ-जेवण झालं की डोळे मिटायलाच लागतात, त्यामुळे स्टडी हॉल (शाळेतला अभ्यासाचा तास) आणि अवे मीटला, म्हणजे बाहेरच्या स्पर्धेला, जाताना बसमधला वेळ अजिबात घालवू नकोस, मॅथ्सचे दोन प्रॉब्लेम सुटले तरी तेवढंच ओझं कमी. मीटमुळे क्लास बुडणार असेल तर टीचरना आधीच सांगून ठेव.

आणि कॉलेजात डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, खेळायचं डोक्यात असेल तर एनसीएएला (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था) हायस्कूलमधले १६ कोअर कोर्सेस, म्हणजे इंग्लिश, मॅथ्स, सायन्ससारखे मुख्य विषय, लागतात, त्यातले १० सीनियर इयर सुरू व्हायच्या आधी, वर त्यात किमान २.३ जीपीए (४ पैकी ग्रेड्सची सरासरी). म्हणजे नववीचे ग्रेड्स पण धरतात बरं का, काउन्सेलरला आत्ताच भेट.

नडगी दुखायला लागली तर प्लीज लपवू नकोस. कोच काय म्हणेल, टीममधली जागा जाईल, असं करत पोरं पळत राहतात आणि मग अख्खा सीझन बाकावर बसतात, फार वाईट वाटतं बघून. त्याच दिवशी ॲथलेटिक ट्रेनरला (टीमच्या दुखापती बघणाऱ्याला) दाखव. झोप आठ तास तरी हवीच, माझ्या मते एक्स्ट्रा वर्कआउटपेक्षा तीच जास्त कामाला येते.